पाण्याखालचा पहिला कॅमेरा: मेगापिक्सेल नंतर, आधी खोली आणि उजेड

दिवाळी आटोपली की नाशिकहून मालवणकडे गाड्या सुटतात. पावसाळ्यात बंद असलेलं स्कुबा ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं आणि मेपर्यंत चालतं. त्यात आता 'आयएनएस गुलदार'ची भर पडली आहे. जानेवारी २०२४ मध्ये नौदलातून निवृत्त झालेली ही नौका सिंधुदुर्गातल्या निवती रॉकजवळ समुद्रतळाशी बसवून तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायचा राज्याचा प्रकल्प आहे. गुलदारच्या बातम्या वाचून एकदा 'स्कुबा करून आलेले' बरेच जण आता रीतसर कोर्स करायच्या विचारात आहेत. कोर्सची फी भरली की पुढचा प्रश्न ठरलेला: पाण्याखाली न्यायला परवडेल असा कॅमेरा कोणता?

एम. जी. रोडवरच्या दुकानात विचारा किंवा ऑनलाइन शोधा, उत्तरं मेगापिक्सेल आणि ४केची मिळतात. जमिनीवर त्यांना अर्थ आहे. पाण्याखाली फोटो बिघडतो तो तीन कारणांनी: दाबाने पाणी आत शिरतं, लाल रंग नाहीसा होतो, आणि कॅमेरा व माशाच्या मध्ये गढूळ पाणी येतं. या तिन्हींवर ४के हा इलाज नाही. म्हणून कॅमेऱ्याचं मॉडेल ठरवण्याआधी आपण किती खोल जाणार आणि कसल्या पाण्यात जाणार, हे ठरवायचं.

## आधी खोली ठरवा

समुद्रसपाटीवर हवेचा दाब एक वातावरण असतो. पाण्यात दर दहा मीटरला आणखी एक वातावरण वाढतं. म्हणजे १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट. कॅमेऱ्याचं प्रत्येक बटण, प्रत्येक झाकण आणि काच हा दाब सोसत असते.

आता आपली मर्यादा बघा. कोर्स न करता गाइडचा हात धरून केलेलं स्कुबा १२ मीटरच्या आत असतं. 'ओपन वॉटर' हा पहिला परवाना १८ मीटरपर्यंतचा. त्यापुढचा 'ॲडव्हान्स्ड' ३० मीटरपर्यंतचा. कॅमेरा किमान आपल्या परवान्याइतका खोल जाणारा हवा आणि वर थोडी शिल्लक हवी, कारण तळाकडे उतरताना दोन-तीन मीटर इकडेतिकडे सहज होतात.

खोक्यावरचे आकडे या चौकटीत वाचा. गोप्रो हिरो १२ आणि १३ ब्लॅक केसशिवाय १० मीटर. डीजेआय ऑस्मो ॲक्शन ४ केसशिवाय १८ मीटर, ॲक्शन ५ प्रो २० मीटर. ओएम सिस्टिमचा टफ टीजी-७ (आधी हीच मालिका ऑलिम्पसच्या नावाने यायची) केसशिवाय १५ मीटर. गोप्रो आणि ऑस्मो या ॲक्शन कॅमेऱ्यांच्या, म्हणजे हलतं चित्रण करायच्या छोट्या दणकट कॅमेऱ्यांच्या, कंपनीच्या केस ६० मीटरपर्यंत चालतात, टीजी-७ ची ४५ मीटरपर्यंत. केस म्हणजे कॅमेऱ्याभोवती बसणारी, बाहेरून बटणं दाबता येणारी कडक पेटी. डायव्हर तिला हाउसिंग म्हणतात. या लेखात आपण केसच म्हणू.

ऑस्मो ॲक्शन ४ ची १८ मीटरची मर्यादा ओपन वॉटरच्या मर्यादेशी तंतोतंत जुळते, म्हणून 'केस कशाला?' असं वाटतं. तरीही घ्या. केसशिवाय नेलेल्या कॅमेऱ्यात एका छोट्या झाकणाच्या रबरावर सगळी भिस्त असते. ते झाकण आपण रोज चार्जिंगसाठी उघडतो आणि त्याच्या खाचेत कचरा साचतो. केस घातली की समुद्राच्या पाण्याला दोन दारं ओलांडावी लागतात.

## 'माझा फोन वॉटरप्रूफ आहे, तो चालेल ना?'

चालणार नाही. फोनवरचं आयपी६८ हे ठरावीक खोलीवर, ठरावीक वेळ, साध्या स्थिर पाण्यात केलेल्या चाचणीचं प्रमाण आहे. बऱ्याच फोनना ही खोली दीड मीटर आणि वेळ अर्धा तास असते. अलीकडच्या आयफोनना सहा मीटर, अर्धा तास. त्यात मिठाचं पाणी धरलेलं नसतं आणि पाणी शिरल्यास वॉरंटीही मिळत नाही. फोन जुना होतो, एकदा पडतो, तेव्हा आतली चिकटपट्टीही सैल होते.

गळ्यात अडकवायचे पारदर्शक पाऊच पोहण्यापुरते, फार तर स्नॉर्केलिंगपुरते ठीक. काही मीटर खाली गेलं की दाबाने पाऊच पडद्याला चिकटतो आणि टच काम करेनासा होतो. पाऊच नसला तरी तीच गत, कारण बोट आणि पाणी यांतला फरक पडद्याला कळत नाही.

फोनच न्यायचा असेल तर फोनसाठी बनवलेली कडक केस मिळते. एका प्रकारात बाहेरची बटणं ब्लूटूथने फोनला जोडलेली असतात. केसच्या आत, हवेत, ब्लूटूथ चालतं. पाण्यातून मात्र ते काही सेंटिमीटरच्या पुढे जात नाही, म्हणून पाण्याबाहेरून किंवा दुसऱ्या डायव्हरच्या हातातून कॅमेरा चालवायचं स्वप्न बघू नका. दुसऱ्या प्रकारात पडद्यावर खास पातळ पडदा असतो आणि टच चालतो. दोन्ही चांगल्या आहेत, पण किंमत साध्या ॲक्शन कॅमेऱ्याच्या जवळ जाते. शिवाय त्या पेटीत आपला बँकेचा, ओटीपीचा, घरच्यांच्या फोटोंचा फोन समुद्रात उतरतो. पहिल्या खरेदीसाठी आमचं मत वेगळ्या कॅमेऱ्याच्या बाजूने आहे.

## लाल रंग जातो कुठे?

पाणी प्रकाशातला लाल रंग सगळ्यात आधी शोषतं. पाचेक मीटरवर लाल जवळजवळ संपतो. त्याखाली नारिंगी जातो, मग पिवळा. उरतो तो निळा आणि हिरवा. लाल पोहण्याचा पोशाख खाली राखाडी-तपकिरी दिसतो. डोळा आणि मेंदू थोडीफार दुरुस्ती करून घेतात, कॅमेरा तसं करत नाही.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पैसे कुठे घालायचे ते यावर ठरतं. अंतर फक्त खोलीचं धरायचं नसतं. सूर्यप्रकाश पाच मीटर खाली आला, प्रवाळावर पडला आणि तिथून तीन मीटर आडवा येऊन भिंगात शिरला, तर त्याने आठ मीटर पाणी ओलांडलेलं असतं. तेच प्रवाळ अर्ध्या मीटरवरून टिपलं तर साडेपाच मीटर. म्हणजे फक्त जवळ गेल्याने अडीच मीटर पाणी वाचलं, रंग वाचला आणि मधला गढूळपणाही गेला. पाण्याखालच्या फोटोचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय हाच आहे. विषयापासून एक मीटरच्या आत या, जमल्यास अर्ध्या मीटरवर. त्याहून लांबचं काही टिपायचा हव्यास सोडा.

झूमने हे अंतर भरून निघत नाही. झूम केल्यावर मधलं पाणी तेवढंच राहतं.

सपाट काचेमागून पाण्यात पाहताना वस्तू साधारण एक तृतीयांशाने मोठ्या आणि पाव अंतराने जवळ दिसतात. म्हणून रुंद कोनाचं भिंग पाण्यात थोडं अरुंद होतं. ॲक्शन कॅमेऱ्याचं भिंग मुळात फार रुंद असतं, त्यामुळे त्याला हे सोसतं आणि जवळ जाऊनही आख्खा मासा चौकटीत बसतो.

## मालवणचं पाणी आणि अंदमानचं पाणी

'कोणता कॅमेरा?' या प्रश्नाचं उत्तर इथे फुटतं, म्हणून जरा थांबू.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास, तारकर्ली-देवबागच्या पट्ट्यात पाणी हिरवट असतं. कर्ली नदीची खाडी जवळ, प्लवक भरपूर. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. चांगल्या दिवशी दहाएक मीटरपर्यंत दिसतं, वाईट दिवशी गाइडच्या पायातले पंखही धड दिसत नाहीत. अंदमानात स्वराज द्वीपाभोवती पाणी निळं असतं आणि नजर त्याच्या दुपटीहून जास्त पोचते. लक्षद्वीपचंही तसंच. कर्नाटकातलं नेत्राणी बेट आणि गोवा हे मालवण आणि अंदमान यांच्या मध्ये कुठेतरी, ऋतूप्रमाणे बदलणारे.

निळ्या, स्वच्छ पाण्यात रुंद कोनाचा ॲक्शन कॅमेरा खुलतो. माशांचे थवे, कासव, बुडालेल्या जहाजाचा सांगाडा, सोबतचा डायव्हर, सगळं हलतं चित्रण सुंदर येतं. कॅमेऱ्याला फोकस करावा लागत नाही, चालू केला की झालं. त्याची मर्यादाही तीच. बहुतेक ॲक्शन कॅमेऱ्यांचा फोकस कायमचा बसवलेला असतो आणि साधारण ३० सेंटिमीटरच्या आत आलेली वस्तू धूसर होते.

हिरव्या पाण्यात हाच कॅमेरा निराश करतो. रुंद चौकट म्हणजे चौकटीत पाणीच जास्त, आणि ते पाणी हिरवं धुकट. मालवणहून आलेले बहुतेक व्हिडिओ शेवाळी दिसतात ते यामुळे. दोष कॅमेऱ्याच्या किमतीचा नसतो. अशा ठिकाणी खरी मजा बारक्या गोष्टींत आहे: खडकाला चिकटलेले रंगीत समुद्री गोगलगायीसारखे जीव, प्रवाळाच्या फटीतली कोळंबी, डोळे वटारून बसलेला ब्लेनी मासा. कॅमेरा त्यांच्यापासून पाच सेंटिमीटरवर नेला तर मध्ये पाणीच उरत नाही. मग ते स्वच्छ असो की गढूळ. टीजी-७ आणि त्याआधीचा टीजी-६ (२०१९) यांचा 'मायक्रोस्कोप' मोड भिंगापासून एका सेंटिमीटरवर फोकस करतो. बारा मेगापिक्सेल ऐकून दुकानदार नाक मुरडतील, पण या कामासाठी परवडण्याजोग्या किमतीत त्याच्या तोडीचं दुसरं फारसं काही नाही.

थोडक्यात, वर्षातून एकदा अंदमान आणि हलतं चित्रण हवं असेल तर ॲक्शन कॅमेरा. दर हंगामात मालवण आणि फोटोंची हौस असेल तर टीजी आणि एक दिवा. 'दोन्ही करू' म्हणणाऱ्याने सुरुवात ॲक्शन कॅमेऱ्यानेच करावी, कारण शिकताना हातांवरचं काम कमी राहतं.

डीएसएलआर किंवा मिररलेस घरात आहे, त्यालाच केस घेऊ, असंही काही जण म्हणतात. त्या केसची किंमत अनेकदा कॅमेऱ्याइतकी किंवा त्याहून जास्त असते. शिवाय भिंगाप्रमाणे पुढची काच वेगळी लागते आणि मॉडेल बदललं की केस निकामी. पहिल्या खरेदीत त्या वाटेला जाऊ नये.

## फिल्टर, दिवा, की नंतर संगणकावर दुरुस्ती?

तिन्हींचं काम वेगळं आहे.

लाल फिल्टर निळा-हिरवा प्रकाश थोडा अडवतो आणि उरलेल्या लालला वाव देतो. निळ्या पाण्यात, उन्हात, पाच ते पंधरा-वीस मीटरच्या पट्ट्यात तो उपयोगी पडतो. त्याहून खाली लाल उरलेलाच नसतो, फिल्टर फक्त अंधार वाढवतो. हिरव्या पाण्यासाठी गुलाबी-जांभळट, म्हणजे मॅजेंटा फिल्टर लागतो. मालवणसाठी लाल घेऊन आलात तर फोटो विचित्र दिसतील. फिल्टर असताना दिवा लावू नका, जवळचं सगळं लालभडक होतं.

दिवा लाल रंग खालीच निर्माण करतो. पण त्याचाही प्रकाश पाणी खातंच, त्यामुळे साध्या दिव्याने रंग खुलतो तो मीटरभराच्या आत. घेताना दोन आकडे पाहा. एक ल्युमेन: पहिल्या दिव्याला हजार ते अडीच हजार पुरे. दुसरा, आणि जास्त महत्त्वाचा, प्रकाशाचा कोन. फटीत पाहायची डाइव्ह टॉर्च दहाएक अंशांचा झोत टाकते. चौकटीच्या मध्यभागी पांढरा डाग आणि भोवती अंधार, असा फोटो येतो. चित्रणासाठी ९० ते १२० अंशांचा 'व्हिडिओ लाइट' मागा.

दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवू नका. पावसाळ्यात कसारा घाटात धुकं असताना गाडीचा अप्पर मारला की समोर पांढरी भिंत उभी राहते, तेच इथे होतं. भिंगाच्या समोरच्या कणांवर पडलेला प्रकाश थेट भिंगात परततो आणि फोटोभर पांढरे ठिपके उमटतात. उपाय म्हणजे कॅमेरा एका पट्टीवर, म्हणजे ट्रेवर बसवून दिवा हँडलवर बाजूला, भिंगापासून वीत-दीड वीत लांब ठेवायचा आणि किंचित बाहेरच्या दिशेने वळवायचा. झोताची फक्त कड विषयावर पडली पाहिजे. टीजीचा स्वतःचा फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे गढूळ पाण्यात तो बंद ठेवून दिवाच वापरावा.

संगणकावर रंग दुरुस्त करता येतो, दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती त्यासाठी पुरेशी आहे. पण जो लाल चित्रात नोंदलाच गेला नाही तो कुठलंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. लाल ताणायला गेलं की चित्र खरखरीत होतं. त्याऐवजी दर चार-पाच मीटर उतरल्यावर पांढऱ्या स्लेटवर व्हाइट बॅलन्स पुन्हा लावा, म्हणजे त्या उजेडात पांढरं कसं दिसतं ते कॅमेऱ्याला दाखवा. टीजीमध्ये ही सोय बटणावर आहे.

## पैसे कसे वाटायचे

बहुतेकांची चूक इथे होते. तीस हजार आहेत म्हणून तीस हजारांचा कॅमेरा घेतला जातो, मग केस नाही, दिवा नाही, जादा बॅटरी नाही. पूर्ण रकमेतले साठ टक्केच कॅमेऱ्याला ठेवा. उरलेल्यात केस, कार्ड, दोन जादा बॅटऱ्या, मनगटाची दोरी, आणि जमल्यास दिवा.

वीस हजारांच्या आत बसवायचं असेल तर नवा अनोळखी कॅमेरा घेण्याऐवजी जुना पण चांगला गोप्रो शोधा. हिरो ९ पासून १३ पर्यंतच्या ब्लॅक मॉडेलना गोप्रोची एकच ६० मीटरची केस बसते. त्यामुळे आज हिरो १० घेतला आणि पुढे १३ वर गेलात तरी केस वाया जात नाही. मात्र २०२४ चा छोटा, नुसता 'हिरो' नावाचा कॅमेरा वेगळा आहे. तो केसशिवाय पाच मीटरचाच आणि त्याला ही केस बसत नाही. स्वस्त दिसला म्हणून गफलत करू नका.

सेकंडहँड कॅमेरा घेताना बॅटरीचं दार उघडा. रबर चिरलेलं किंवा चपटं झालेलं आहे का, चार्जिंगच्या खाचेत हिरवट गंज आहे का, बॅटरी फुगली आहे का, ते पाहा. गंज दिसला तर आत पाणी जाऊन आलेलं आहे. किंमत कितीही उतरवली तरी नको म्हणा.

तीस-चाळीस हजारांत नवा ॲक्शन कॅमेरा आणि केस बसते. टीजी-७, त्याची केस आणि दिवा हा संच यापेक्षा बराच वर जातो. हात आखडता असेल तर टीजी केसशिवाय वापरायचा, पण मग १२ मीटरची लक्ष्मणरेषा पाळायची, दारांची दोन्ही कुलपं प्रत्येक वेळी तपासायची आणि त्यांची रबरं वर्षाला बदलून घ्यायची.

कार्डाबद्दल: १०० मेगाबिट प्रतिसेकंद दराने ४के चित्रण केलं तर मिनिटाला सुमारे ७५० एमबी जागा जाते. ६४ जीबीच्या कार्डावर साधारण ८० ते ८५ मिनिटं. एका दिवसाच्या दोन डाइव्हना पुरतं. कार्डावर 'व्ही३०' छापलेलं असावं.

## चार-पाच हजारांच्या ४के कॅमेऱ्याचं काय?

त्याच्यासोबत '३० मीटर वॉटरप्रूफ' अशी केस फुकट येते, म्हणून मोह होतो. अडचणी तीन. अनेकदा त्यांचं ४के खरं नसतं, कमी दर्जाचं चित्र ताणून मोठं केलेलं असतं. सेन्सर छोटा असल्याने उन्हात ठीक, दहा मीटरवरच्या मंद उजेडात मात्र सगळा चिखल. आणि सगळ्यात वाईट म्हणजे केसचं रबर खराब झालं की सुटं मिळत नाही. स्नॉर्केलिंगला, मुलांच्या हातात द्यायला घ्या. डाइव्हसाठी तेवढेच पैसे साठवून पुढच्या हंगामाची वाट पाहणं शहाणपणाचं, किंवा तोवर अंदमानात डाइव्ह सेंटरकडून भाड्याने कॅमेरा मिळतो का ते पाहा. भाड्याने घेतल्यावर हातात काय बसतं ते कळतं आणि मगच खरेदी करता येते.

## कॅमेरे बुडतात ते डोक्याच्या एका केसामुळे

केसच्या दाराभोवती खाचेत बसलेली रबरी रिंग असते. तिला ओ-रिंग म्हणतात. दार बंद केलं की रिंग दाबली जाते आणि फट बुजते. रिंगवर डोक्याचा एक केस, वाळूचा एक कण किंवा रुमालाचा धागा आडवा पडला की त्याच्या दोन्ही बाजूंना सुईएवढी वाट उरते.

पुष्कळांना आश्चर्य वाटेल, पण अशी गळती पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच जास्त होते. खोलीवर बाहेरचा दाब दार आणखी घट्ट दाबतो. वरच्या पाण्यात रिंग अजून पुरती दबलेली नसते. म्हणून होडीवरून कॅमेरा हातात धरून उडी मारू नका. आधी आपण उतरायचं, मग होडीवरच्याने कॅमेरा खाली द्यायचा. हातात आल्यावर लगेच हातभर पाण्यात धरून दाराच्या कडेला बघायचं. बुडबुड्यांची बारीक माळ सुटत असेल तर तो तिथूनच परत वर द्यायचा.

तयारी आदल्या रात्री करा, होडीत कधीच नको. हात धुऊन पुसा, पंखा बंद करा, डोक्याचे केस बांधून घ्या. रिंग काढायला सुई-चाकू वापरू नका. दोन बोटांनी रिंग एका बाजूला सरकवली की फुगवटा येतो, तिथून उचला. बोटांच्या चिमटीतून पूर्ण फिरवा, कण असेल तर बोटाला लागतो. खाच धागे न सुटणाऱ्या कापडाने किंवा कोरड्या इअरबडने पुसा आणि इअरबडचा कापूस मागे राहिला नाही ना ते मोबाइलच्या टॉर्चखाली पाहा. ग्रीस लावायचं असेल तर केससोबत आलेलंच. तुरीच्या दाण्याहून कमी पुरतं, रिंगला नुसती चमक यावी. ग्रीस पाणी अडवत नाही. ते रिंग सरकती ठेवतं, आणि जास्त झालं तर उलट वाळू धरून ठेवतं. व्हॅसलीन, खोबरेल तेल अजिबात नको. काही ॲक्शन कॅमेऱ्यांच्या केसना चपटं रबर असतं, त्याला ग्रीस लागतच नाही. माहितीपत्रक वाचा.

नवी केस आणली की आधी ती रिकामीच तपासायची. आत टिश्यू पेपर ठेवा, बादलीत बुडवा, वर वजन ठेवा कारण ती तरंगते, आणि अर्ध्या तासाने टिश्यू पाहा. बादलीत फक्त ढोबळ दोष कळतो, म्हणून पहिल्या डाइव्हलाही ती रिकामी, टिश्यूसकट न्या. मधली पायरी म्हणून त्र्यंबक रोडच्या सावरकर जलतरण तलावासारख्या ठिकाणी, व्यवस्थापनाची परवानगी काढून, खोल बाजूला बुडवून बघता येईल. पोहणाऱ्यांचं चित्रण मात्र करू नका. गंगापूर धरणात किंवा गोदाकाठी चाचणीला उतरू नका, ही कळकळीची विनंती. तिथे खोलीचा आणि प्रवाहाचा अंदाज येत नाही.

## नाशिकात स्वच्छ, मालवणात धुकं

डिसेंबरमध्ये घरी तपासलेली केस काचेसारखी स्वच्छ दिसते आणि तारकर्लीत पहिल्या दहा मिनिटांत आतून धूसर होते. पाणी शिरलेलं नसतं. केस बंद करताना तिथली दमट हवा आत कोंडली गेली. कॅमेरा तापला, काच समुद्राच्या पाण्याने त्यामानाने गार राहिली, बाष्प काचेवर जमलं. यावर उपाय: एसी खोलीत अर्धा तास कॅमेरा आणि उघडी केस ठेवा, तिथेच बंद करा, आत ओलावा शोषणारी पातळ पट्टी घाला आणि होडीवर केस उन्हात ठेवू नका. ओल्या टॉवेलखाली झाकून ठेवा. दोन डाइव्हच्या मध्ये केस उघडायची वेळ येऊ नये, म्हणून पूर्ण चार्ज बॅटरीने सुरुवात करा आणि सतत चित्रण करत राहू नका.

प्रवासात केसचं दार नुसतं टेकवलेलं असू द्या. रिंग दिवसभर दबून राहत नाही, हे एक. दुसरं, नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंच आहे. इथे घट्ट बंद केलेली केस किनाऱ्यावर उघडायला गेलात तर आतला दाब कमी असल्याने दार चिकटल्यासारखं वाटतं आणि लोक ते स्क्रूड्रायव्हरने उचकटतात. विमानाने जात असाल तर जादा लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवा.

## पहिल्याच डाइव्हला कॅमेरा न्यावा का?

नको. मालवणला गाइडबरोबर पहिल्यांदा उतरणाऱ्याचं चित्रण बहुतेक ठिकाणी गाइड किंवा त्यांचा माणूसच करून देतो, ते घ्या. कोर्स चालू असतानाही कॅमेरा किनाऱ्यावर राहू द्या. श्वास, कानावरचा दाब, हवेचा काटा आणि जोडीदार यांच्याकडे लक्ष देताना पाचवी गोष्ट हातात आली की आधीच्या चारपैकी एक निसटते. पाण्यात हात न हलवता, वर-खाली न होता एका जागी तरंगता येऊ लागलं की मग कॅमेरा.

हे आपल्यासाठी जितकं, तितकंच प्रवाळासाठी. फोटोच्या नादात गुडघा टेकला किंवा फटीला धरून स्थिर झालं की वर्षानुवर्षं वाढलेली फांदी तुटते. मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि दगडी प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे. याच कारणाने लांब सेल्फी स्टिक नको, ती मागेपुढे प्रवाळावर आपटते. तरंगणारं हँडलही स्कुबाला नको, हात सुटला की कॅमेरा थेट वर जातो आणि आपण त्याच्यामागे जाऊ शकत नाही. गुंडाळलेली दोरी मनगटाला किंवा जॅकेटच्या कडीला अडकवा.

## वर आल्यावर, आणि पाणी शिरलंच तर

बंद केस गोड्या पाण्यात वीस-तीस मिनिटं बुडवून ठेवा आणि त्यात प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबा. बटणांच्या स्प्रिंगमध्ये मीठ सुकलं की त्याचे खडे रिंगा कापतात. सावलीत सुकवा. बोअरच्या जड पाण्याने काचेवर पांढरे डाग राहतात, म्हणून शेवटचं खळबळणं फिल्टरच्या पाण्याने करा. हात आणि केस दोन्ही कोरडे झाल्यावरच दार उघडा.

पाण्याखाली असताना केसमध्ये थेंब दिसले तर कॅमेरा बंद करा, जोडीदाराला खूण करा आणि नेहमीच्या संथ गतीने वर या. पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा कॅमेऱ्यासाठी चुकवू नका. कॅमेऱ्यासाठी घाईने वर आलेल्या माणसाला होणारी इजा दुरुस्तीच्या दुकानात बरी होत नाही. वर आल्यावर केस पुसून उघडा, बॅटरी आणि कार्ड काढा. कॅमेऱ्यात खारं पाणी गेलंच असेल तर तो गोड्या पाण्याने धुवा. विचित्र वाटेल, पण आत सुकलेलं मीठ पाण्यापेक्षा लवकर सर्किट खातं. मग दारं उघडी ठेवून पंख्याखाली दोन दिवस सुकवा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, उलट पीठ आत जातं. भिजलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका. ती पेट घेऊ शकते. घराबाहेर, पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या. चालू करून पाहायचं ते दोन दिवसांनी, नव्या बॅटरीवर.